जुना बाजार, पुणे : नाणीवाल्या काकांची पथारी

रविवारी किंवा बुधवारी, पण सकाळी लवकर जा. ऊन चढलं की गर्दी वाढते आणि काकांना बोलायला सवड उरत नाही.

मी बँकेत कॅशवर होतो, त्यामुळे चार आण्यांची नाणी २०११ च्या ३० जूनला चलनातून गेली ते चांगलंच आठवतं. इथे ती वाटीत ढिगाने पडलेली असतात. घेऊ नका, घरातल्या डब्यात सापडतील.

खरा माल म्हणजे शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पेशवाईत पडत राहिलं आणि इंग्रज आल्यावरही बाजारात चाललं. आपले चार आणे एवढे टिकले नाहीत! काकांकडे बहुतेक दुदांडी असतात, म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा. या उत्तरकाळातल्या. त्या महाराजांच्या म्हणून खपवत नाहीत, हे मला आवडलं.

नाणं पाडायचा छाप तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे अक्षरं अर्धवट दिसणारच. सगळी अक्षरं गोलात नीट बसलेली, कडेला सांध्याची रेघ, असं दिसलं तर सावध व्हा. शेजारच्या पथाऱ्यांवर अशी साच्यात ओतलेली नकली नाणी बरीच दिसतात.

भाव थोडे चढे, घासाघीस जेमतेम. पावती नाही, यूपीआय चालतं. भिंग मात्र घरून न्या, काकांचं पार चरे पडलेलं आहे.