मूडलवर ब्लेंडेड कोर्स: संख्याशास्त्र शिकवणारीच्या नजरेतून

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने मूडल या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरमधला 'कॅल्क्युलेटेड' हा प्रश्नप्रकार एकदा उघडून बघावा. बाकीचं मूडल नाही आवडलं तरी चालेल. प्रश्नात आकड्यांच्या जागी चल ठेवायचे, उत्तराचं सूत्र लिहायचं आणि आकड्यांचे संच तयार करून ठेवायचे. मग कुणाला कुठला संच येईल ते सांगता येत नाही. पद्धत तीच, आकडे वेगळे, त्यामुळे व्हॉट्सॲपवर उत्तर फिरवून काही साधत नाही. मुलं एकमेकांना विचारतात ते 'हे केलंस कसं?' असं, आणि मला तेच हवं असतं.

मी निफाड तालुक्यातल्या एका कॉलेजात एस.वाय.च्या मुलांना शिकवते, त्यामुळे उदाहरणं कांद्याचीच. समजा पाच दिवसांचे क्विंटलचे भाव १२००, १४००, १५००, १३०० आणि १६०० रुपये आहेत. हा नमुना धरून प्रमाण विचलन, म्हणजे भाव सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, काढा. बरोबर उत्तर १५८.११. पण दरवर्षी बरीच मुलं १४१.४२ लिहितात, कारण नमुना असला की संख्येपेक्षा एकाने कमी, म्हणजे चाराने भागायचं असतं, ती पाचाने भागतात. मूडलमध्ये या चुकीच्या उत्तराचीही नोंद करून ठेवता येते आणि त्याला वेगळा अभिप्राय जोडता येतो. १४१.४२ टाकलं की त्या मुलाला लगेच दिसतं: 'वर्गांची बेरीज बरोबर आहे. आता हा नमुना आहे की पूर्ण समष्टी, ते पुन्हा बघ.' साठ वह्या तपासताना हे वाक्य प्रत्येकीत लिहायला मला कधीच जमलं नसतं. ज्याने चूक केली त्याला ते त्या क्षणी मिळतं, याचं मोल फार आहे.

मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये मूडल तयार केलं, पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. सॉफ्टवेअर मुक्त आहे, परवान्याचे पैसे नाहीत. सर्व्हरचे मात्र लागतात, आणि अपडेट, बॅकअप बघणारं माणूसही लागतं. आमच्या आधीच्या होस्टिंगवाल्याकडे सगळी मुलं एकदम चाचणीला बसली की साइट झोपायची. त्यामुळे कॉलेजने आधी हा खर्च मान्य करावा, मगच पुढची बोलणी.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या ब्लेंडेड लर्निंगच्या, म्हणजे काही तास वर्गात आणि काही ऑनलाइन अशा शिकवण्याच्या, टिपणात कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन घ्यायला मुभा होती. दोन क्रेडिटच्या थिअरीचे तास ३०, म्हणजे ऑनलाइन १२. कुठले १२, हा खरा प्रश्न. आमच्याकडे सुरुवातीला जो पाठ सोपा तो ऑनलाइन ढकलायची पद्धत होती. मला ते पटत नाही. आकडेमोडीचा सराव मी ऑनलाइन नेला, कारण तिथे प्रत्येकाला आपल्या गतीची गरज असते. नमुना निवडण्यावरची चर्चा वर्गात ठेवली. बाजार समितीत सकाळी लवकर आलेल्याच गाड्यांचे भाव घेतले तर काय बिघडेल, यावर मुलं तावातावाने बोलतात. ते समोरासमोरच व्हायला हवं.

ही वाटणी कागदावर झाल्याशिवाय मूडल उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. मी शेवटची चाचणी आधी लिहिते, मग मागे येत आठवडे पाडते. 'रिस्ट्रिक्ट ॲक्सेस' वापरून सरावचाचणीत ठरावीक गुण मिळाल्यावरच पुढचा भाग उघडेल असं करता येतं. हे बेताने वापरा. प्रत्येक पायरीला कुलूप घातलं तर मागे पडलेलं मूल दाराशीच अडकतं. मी फक्त प्रमाण विचलनानंतर कुलूप ठेवलंय.

चर्चेसाठी 'क्यू अँड ए' फोरम घ्या, साधा नको. त्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत. मी विचारलं होतं, 'शेतकऱ्याला भावाची सरासरी सांगाल की मध्यक (भाव क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), आणि का?' वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने लिहिलं की एकाच गाडीला चढा भाव मिळाला तर सरासरी वर जाते, पण तिच्या वडिलांना तो भाव मिळालेलाच नसतो. पुढचा तास मी त्या उत्तरावरच घेतला. एक लक्षात ठेवा: मूळ सेटिंगनुसार दुरुस्तीची तीस मिनिटं संपल्यावरच इतरांचं लिखाण दिसतं. हे आधी सांगितलं नाही तर 'मॅडम, काहीच दिसत नाही' असे फोन येत राहतात.

सेटिंगची पानं लांबलचक आहेत, नवख्या शिक्षकाची छाती दडपते. मोबाइल ॲपवर मजकूर आधी उतरवून ठेवता येतो. रेंज नसलेल्या वस्तीवरच्या मुलांसाठी ही मोठी सोय. क्विझ मात्र ऑफलाइन सोडवायची असेल तर शिक्षकाने ती परवानगी मुद्दाम द्यावी लागते, आपोआप मिळत नाही. आणि चांगली प्रश्नपेढी बांधायला एक सुट्टी तरी जाते. कॉलेज हे काम कार्यभारात धरत नसेल तर शिक्षकांनी ते मागून घ्यावं. फुकटात रात्री जागून बांधलेला कोर्स दुसऱ्या वर्षी कुणी सांभाळत नाही.

ज्यांना नोट्स टाकायच्या आणि असाइनमेंट गोळा करायच्या, त्यांना गूगल क्लासरूम पुरतं. मूडलचा पसारा कशाला? पण प्रश्न तयार करण्यात ज्यांचा जीव रमतो, त्यांनी क्विझचा सांख्यिकी अहवाल जरूर बघावा. प्रत्येक प्रश्न किती जणांना जमला आणि एकूण चांगली कामगिरी करणाऱ्यांनाच तो जमला का, हे त्यात कळतं. माझा बहुलकावरचा (सगळ्यांत जास्त वेळा येणाऱ्या आकड्यावरचा) एक प्रश्न हुशार मुलांकडूनच जास्त चुकत होता. वाचून पाहिलं तर वाक्यरचनेचे दोन अर्थ निघत होते. नव्या सत्रासाठी तो बदललाय.