अपघाताचा क्लेम: कंपनीची ऑफर घ्यावी की ट्रिब्युनलमध्ये लढावं?

गाडीने उडवलं, पाय मोडला, आणि दवाखान्याची बिलं थकलेली असतानाच विमा कंपनीचा माणूस कागद घेऊन येतो. सही करायची घाई इथेच होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली भरपाई मिळवायला चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. फ्रॅक्चर गंभीर दुखापतीतच मोडतं. अपघाताची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत कंपनीने ऑफर द्यायची असते. मात्र कलम 164 ची रक्कम स्वीकारली की कलम 166 चा, म्हणजे ट्रिब्युनलपुढचा (अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणापुढचा) दावा संपतो. वर्षभराने रॉड काढायचं ऑपरेशन निघालं, तर तो खर्च आपल्याच खिशातून. ही अट कोणी आपणहून समजावून सांगत नाही, आणि मला तेच सर्वात जास्त खटकतं.

कलम 166 ची वाट लांबची. चालकाची चूक दाखवावी लागते, पंचनामा आणि एफआयआर नीट असावे लागतात, तारखा पडत राहतात. पण रकमेला ठरावीक मर्यादा नाही. समजा वय 32, कमाई महिना 20 हजार आणि कामावर परिणाम करणारं कायमचं अपंगत्व 20 टक्के. वर्षाचं नुकसान 48 हजार. या वयाचा गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा) 16, म्हणजे 7 लाख 68 हजार. औषधोपचार, बुडालेला पगार, पुढची शस्त्रक्रिया, वेदना यांचे पैसे वेगळे. निकाल पटला नाही तर 90 दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं.

हाड नीट जुळून माणूस पूर्ववत कामाला लागला असेल, किंवा चूक आपलीच असेल, तर ऑफर घ्यावी. लंगडेपणा राहण्याची शक्यता असेल, तर सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला हातात येईपर्यंत कुठेही सही करू नये. दावा मात्र अपघातापासून 6 महिन्यांत दाखल करून ठेवावा. पुढे तोच दावा लोकअदालतीत मिटवता येतो. तिथल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून पुढच्या ऑपरेशनचा खर्च धरूनच आकडा ठरवावा.

स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम वेगळा असतो. ते पैसे घेतल्याने दुखापतीचा हक्क जात नाही. फक्त त्या पावतीत ‘सर्व दावे पूर्ण व अंतिम’ असं काही घुसडलेलं नाही ना, ते वकिलाकडून वाचून घ्यावं.