कॉकरोच पोकर: खरं बोलूनही फसवता येणारा पत्त्यांचा खेळ

नेहमीच्या कॅटने खेळायचं चॅलेंज, म्हणजे पालथी पानं टाकत थापा मारायचा खेळ, घरोघरी माहीत आहे. त्यातली अडचणही माहीत आहे: कुणाच्या तरी हातात निम्मा कॅट जमतो, बाकीचे कंटाळतात आणि डाव संपता संपत नाही. थापा मारण्याची तीच मजा हवी असेल, पण डाव वीसेक मिनिटांत आटोपायला हवा असेल, तर कॉकरोच पोकर घ्यावा. जाक झायमेट यांनी रचलेला हा खेळ जर्मनीच्या ड्राय मागिअर या कंपनीने २००४ साली काढला. नावात पोकर असलं तरी त्यात ना पैसे लागतात ना बोली. वयाची अट आठ वर्षं आहे आणि ती योग्य आहे. पानांवर फक्त चित्रं असल्यामुळे घरातल्या कुणालाही वाचण्याचा त्रास नाही.

डब्यात ६४ पानं असतात. झुरळ, उंदीर, माशी, बेडूक, विंचू, कोळी, वटवाघूळ आणि उग्र वास सोडणारा एक किडा, ज्याला घरात सरळ ढेकूण म्हटलं तरी चालतं. प्रत्येकाची आठ पानं. पिसून सगळी वाटायची: चौघांना सोळा-सोळा, पाच जण असतील तर चौघांना तेरा आणि एकाला बारा.

ज्याची पाळी त्याने हातातलं एक पान पालथं घालून कुणाही एकापुढे सरकवायचं आणि सांगायचं, ‘हे झुरळ.’ समोरच्यापुढे दोन मार्ग. एक, ‘खरं’ किंवा ‘खोटं’ म्हणून पान उलटायचं. ओळखलं तर पान देणाऱ्यापुढे उघडं पडतं, चुकलं तर ओळखणाऱ्यापुढे. दुसरा, पान एकट्याने गुपचूप बघायचं आणि ज्याने ते अजून पाहिलेलं नाही अशा तिसऱ्याकडे पुढे ढकलायचं. ढकलताना तोच प्राणी सांगा किंवा बदला. शेवटच्या माणसाला ढकलायला कुणीच उरत नाही, त्याला उत्तर द्यावंच लागतं. पान ज्याच्यापुढे पडलं त्याची पुढची पाळी. एकाच प्राण्याची चार पानं ज्याच्यापुढे जमली तो हरला. जिंकणारा कुणी नाही, हरणारा एकच.

पाळी आली आणि हातात पानच नाही, तरीही हार. हा नियम बरेच जण विसरतात, पण तिघांच्या डावात तो लागतोच. प्रत्येक प्राण्याची आठ पानं तिघांपुढे तीन-तीन-दोन अशी पडली तर कुणाचीच चार होत नाहीत आणि सगळी ६४ पानं उघडी पडूनही डाव निकालाविना राहू शकतो.

खेळाची खरी खोली मात्र तिसऱ्या पानानंतर कळते. समजा, तुमच्यापुढे तीन उंदीर आहेत आणि कुणी पान सरकवून म्हणालं, ‘उंदीर.’ घाबरून ‘खोटं’ म्हणू नका, ‘खरं’ म्हणा. पान उंदीर असेल तर ते देणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. नसेल तर तुम्हाला दुसरंच काहीतरी मिळतं, चौथा उंदीर नाही. आणि कुणी ‘माशी’ म्हणालं तर ‘खोटं’ म्हणा, म्हणजे तिच्याआडून उंदीर आला तरी तुम्ही सुटता. म्हणून अशा माणसाला अडकवायला घाई करू नये. आधी त्याच्याकडे दुसऱ्या एखाद्या प्राण्याचीही तीन पानं जमू द्यावीत. उंदीर तीन, माश्या तीन झाल्या की ‘उंदीर’ म्हणून पान द्यायचं. आता तो ‘खरं’ म्हणाला आणि माशी निघाली तर गेला, ‘खोटं’ म्हणाला आणि उंदीर निघाला तरी गेला. इथून पुढे त्याला तुमचा चेहराच वाचावा लागतो. या क्षणी शांतपणे सांगितलेलं खरं हे थापेपेक्षा जास्त घातक ठरतं, आणि चॅलेंजमध्ये ही चव मिळत नाही.

मोजणंही सोपं आहे. टेबलावर तीन विंचू उघडे, चार तुमच्या हातात, मग बाहेर एकच उरला. तुम्हाला दिलेलं पान ‘विंचू’ असल्याचं कुणी सांगितलं तर ते बहुधा खोटंच.

दोष एक मोठा आहे. हरणारा एकच असल्यामुळे ज्याच्यापुढे पानं वाढतात त्यालाच सगळे घेरतात, आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात लहान खेळाडू असतो. चार किंवा जास्त जण असतील तर घरचा एक नियम लावावा: लागोपाठ दोन पानं पहिल्यांदा एकाच माणसापुढे सरकवायची नाहीत. डाव थोडा लांबतो, रडारड वाचते. दोघांत हा खेळ घेऊ नये. पुढे ढकलायला तिसरा माणूसच नसल्याने अर्धा जीव जातो. चार-पाच जणांत तो सर्वांत चांगला रंगतो.

लोकलमध्ये मांडीवरच्या बॅगेवर पत्ते रंगतात तसा हा रंगणार नाही. प्रत्येकापुढे उघडी पानं प्राण्यांप्रमाणे मांडलेली दिसायला हवीत, त्यासाठी टेबल किंवा सतरंजी लागते. गादीवर पान सरकवताना उलटतं. पंखाही कमी ठेवावा.

पानांच्या पाठी जपणं इथे फार महत्त्वाचं. मुंबईच्या पावसाळी हवेत पानं वाकतात, रबर बँड लावला तर कडांना खाचा पडतात, आणि भजीच्या तेलाचा एक डाग पडला की ते पान कायमचं ओळखू येतं. डबा झिपच्या पिशवीत ठेवावा, कव्हरं घालायची तर अपारदर्शक पाठीची घ्यावीत. विकत घेतल्यावर आठही प्राण्यांची आठ-आठ पानं मोजून पाहावीत. एखादं कमी असेल तर वरचा सगळा हिशेब चुकतो.

बाहेरचा खेळ असल्याने साध्या कॅटपेक्षा तो बराच महाग पडतो. आधी चव बघायची असेल तर दोन कॅट घ्या, जोकर आणि नव्वीपासून राजापर्यंतची सगळी पानं काढून टाका. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत प्रत्येकाची आठ, म्हणजे नेमकी ६४ पानं उरतात. रंगाकडे दुर्लक्ष करून ‘ही सत्ती’, ‘ही पंजी’ म्हणत तोच खेळ खेळता येतो. समोर पसरलेले आकडे चित्रांइतके झटकन डोळ्यांत भरत नाहीत, लहानांना तर नाहीच, एवढाच फरक. दोन्ही कॅट मात्र एकाच छापाचे, एकाच वेळी फोडलेले हवेत. एक जुना आणि एक कोरा असेल तर कुठलं पान कोणत्या कॅटचं ते पाठीवरूनच कळतं.