पावलं खरी, पावत्या खोट्या

2024च्या मे महिन्यात आम्ही अकरा जण बल्गेरियाला लोकनृत्याच्या सहलीला गेलो. विमानाचं तिकीट सोडून माणशी 1 लाख 92 हजार रुपये भरले होते, तिथे गेल्यावर आणखी 300 युरो रोख दिले. बारा दिवसांच्या सहलीतले चार दिवस मिळाले. पाचव्या दिवशी सकाळी प्लोव्दिव शहरात आमचा आयोजक नाहीसा झाला. हे सविस्तर लिहितेय, कारण तो स्वतः उत्तम नाचणारा आहे आणि नाचाची आवड असलेल्यांनाच गाठतो.

मी पुण्यात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. लेझीम पथकं बसवण्यात तीस वर्षं गेली. लॉकडाऊनमध्ये कुणीतरी एका ऑनलाइन वर्गाची लिंक पाठवली आणि मला होरो भेटला. होरो म्हणजे बल्गेरियातला, हात धरून किंवा शेजाऱ्याचा कमरपट्टा धरून साखळीने करायचा नाच. रचेनित्सा (तिथलाच एक नाच) सात मात्रांची, 2-2-3. आपल्या रूपक तालाचे 3-2-2 उलटे करा, म्हणजे कान ओळखतो, पण पाय ऐकत नाहीत. कोपानित्सा अकरा मात्रांची, लांब पाऊल बरोबर मधोमध. ती पायात बसायला मला तीन महिने लागले, आणि ज्या दिवशी बसली त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच अर्धा तास नाचत होते.

हा वर्ग हाच आयोजक फुकट घ्यायचा. मूळचा भारतीय, बरीच वर्षं युरोपात, हिंदी अस्खलित. पहिल्याच तासाला त्याने सांगितलं होतं की 1977मध्ये व्हॉयेजर यानांसोबत जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर बल्गेरियाच्या रोडोपी डोंगरातल्या गायिका वाल्या बाल्कान्स्का यांचा आवाज आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांचाही. ते अगदी खरं आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दोन वर्षं असे वर्ग झाल्यावर त्याने सहलीचा विषय काढला, तेव्हा हा माणूस पैशांसाठी काही करेल अशी शंका घ्यायला आमच्यातल्या कुणाचंच मन धजलं नाही.

माहितीपत्रक सुंदर होतं. सोफिया, कोप्रिव्श्तित्सा, प्लोव्दिव, रोडोपीतलं शिरोका लका, काझानलाकचा गुलाबोत्सव आणि शेवटी 3 जूनच्या रात्री स्ट्रांजा डोंगरातल्या बल्गारी गावात निखाऱ्यांवरून चालणारे नेस्तिनारी. त्यातही कोप्रिव्श्तित्साच्या राष्ट्रीय लोककला सोहळ्यात आमच्या लेझीमला पंधरा मिनिटं मिळणार होती. त्या पंधरा मिनिटांसाठी आम्ही चार महिने सराव केला, नऊवाऱ्या शिवून घेतल्या.

पैसे तीन हप्त्यांत गेले. 40 हजार, 1 लाख, 52 हजार. कार्डाने भरतो म्हटलं तर नको म्हणाला, त्यावर 4 टक्के जातात. खातं कुठल्या कंपनीचं नव्हतं, एका व्यक्तीच्या नावाचं होतं. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी दाखवून दिलं की खातं बल्गेरियातलं असेल तर आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते) क्रमांक 'बीजी'ने सुरू व्हायला हवा. हा 'एलटी'ने, म्हणजे लिथुआनियाचा आहे. आम्ही गटात विचारलं, तर उत्तर आलं, "आजकाल सगळी डिजिटल खाती तिथलीच असतात." अशी खाती असतात, हेही खरंच. पण काकांनी पुन्हा विषय काढला तेव्हा मीच त्यांना म्हणाले, "काका, दोन वर्षं त्याने आपल्याकडून एक पैसा घेतला नाही. आता असं विचारणं बरं दिसतं का?" भीड भिकेची बहीण असं माझी आजी म्हणायची. काका गप्प बसले. त्यांची मी नंतर माफी मागितली आहे.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच. परदेशी सहलीचे पैसे पाठवले की त्या वेळी 7 लाखांपर्यंत 5 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊच घेतलेला कर, कापला जायचा. तो म्हणाला, "बँकेच्या फॉर्मवर सहल लिहू नका, भेट म्हणजे गिफ्ट लिहा. तुमचे माणशी 9,600 रुपये वाचतील." आम्ही लिहिलं. ते खोटं होतं हे आम्हाला कळत होतं. आणि वाचलंही काही नाही, कारण टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता होतो, जास्तीचा परत मिळतो. नंतर तक्रार घेऊन बँकेत गेलो तेव्हा अधिकाऱ्याने तोच फॉर्म समोर ठेवला. आमच्याच सहीने लिहिलं होतं की हे पैसे आम्ही भेट म्हणून दिलेत. सहल विकत घेतल्याचा कुठलाही पुरावा त्या कागदावर नाही. जो कुणी तुम्हाला कारण बदलून पैसे पाठवायला सांगतो, तो तुमचा कर वाचवत नसतो, स्वतःच्या सुटकेची सोय करत असतो.

व्हिसा मिळाला, त्यामुळे उरलीसुरली शंकाही गेली. बाराही रात्रींच्या हॉटेलांच्या बुकिंगचे कागद त्याने दिले होते आणि ते अस्सल होते. फक्त ती बुकिंगं फुकटात रद्द करता येणारी होती. आमच्या पासपोर्टवर शिक्का बसल्यावर त्याने पहिल्या चार रात्री ठेवल्या आणि बाकी सगळ्या रद्द केल्या. निघण्याच्या आठवड्यात एकेका हॉटेलला आम्ही स्वतः दोन ओळींचं ईमेल टाकलं असतं, तर पुण्यातच कळलं असतं.

सोफियातले दोन दिवस फार छान गेले. संध्याकाळी एका सभागृहात तिथल्या नोकरदार मंडळींच्या होरोच्या वर्गात आम्ही नाचलो. आठवड्यातून दोनदा, ऑफिस सुटल्यावर ही माणसं जमतात. आम्हाला रचेनित्सा येते हे बघून एका आजींनी माझे दोन्ही हात धरले होते.

तिसऱ्या दिवशी कोप्रिव्श्तित्सा. निळ्या-पिवळ्या रंगांची जुनी लाकडी घरं, दगडी पूल. 1876च्या एप्रिल उठावाची पहिली गोळी या गावात झाडली गेली. आम्ही लेझीमच्या पिशव्या खांद्याला लावून चौकात उभे, आणि चौकात कबुतरं. मी आमच्या घरमालकीणबाईंना खुणेने आणि मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, सोहळा इथेच ना? त्यांनी मान वरखाली हलवली. मी सुटकेचा श्वास सोडला. बल्गेरियात मान वरखाली हलवणं म्हणजे 'नाही'. हे त्यानेच आम्हाला वर्गात शिकवलं होतं, आणि मला ते पाठ होतं. पण मला 'हो' हवं होतं, म्हणून मी 'हो' वाचलं.

तो म्हणाला, कार्यक्रम ऐनवेळी पुढे ढकललाय. त्याच संध्याकाळी त्याने माणशी 300 युरो रोख मागितले: गायदा आणि कावल वाजवणारे येणार, शिवाय गावच्या होरोत उतरायची आणि बल्गारीतल्या अग्निनृत्याची 'परवानगी' काढायची. पावत्या दिल्या, त्यांवर शिक्काही होता. तो शिक्का कुठल्याच संस्थेचा नाही हे आम्हाला पुढे पोलीस ठाण्यात कळलं.

प्लोव्दिवला पाचव्या सकाळी सामान घेऊन खाली आलो तर तो खोलीत नव्हता, फोन बंद. बसचालकाने मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं की त्याला त्या दिवसापर्यंतचेच पैसे मिळालेत. तो बिचारा आमच्याहून जास्त ओशाळला होता. त्याने स्वतःहून आम्हाला पोलीस ठाण्यापर्यंत नेऊन सोडलं. तिथे जबाब द्यायला दुभाषा हवा होता, त्यात दिवस गेला. मी भारतात सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण शेवटचा हप्ता जाऊन तेव्हा सात आठवडे झाले होते. तो क्रमांक पैसे नुकतेच गेलेले असताना कामाचा असतो.

ठाण्यातल्या दुभाषी बाईंनी जे सांगितलं ते ऐकताना मला उभं राहवेना. कोप्रिव्श्तित्साचा राष्ट्रीय सोहळा 1965पासून साधारण पाच वर्षांनी भरतो. 2020चा साथीमुळे लांबला आणि 2022च्या ऑगस्टमध्ये झाला. 2024 हे त्याचं वर्षच नव्हतं. ढकलण्यासारखं तिथे काही नव्हतं. ही माहिती सगळीकडे उपलब्ध आहे. युनेस्कोनेही 2016मध्ये या सोहळ्याची दखल घेतली आहे. आम्ही चार महिने लेझीम घासली, पाच मिनिटं तारीख तपासली नाही.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते प्रत्येकाने लिहून ठेवावं. बल्गेरियात सहली विकणाऱ्याला पर्यटन मंत्रालयाच्या नोंदवहीत नाव असावं लागतं आणि ग्राहकांच्या पैशांसाठी विमा काढावा लागतो. ती नोंदवही कुणालाही पाहता येते. आमच्या माणसाचं नाव तिथे नव्हतं, त्याच्या तथाकथित कंपनीचंही नव्हतं. नोंदणी क्रमांक मागितला म्हणून प्रामाणिक आयोजक रागावत नाही. आम्ही मागितलाच नाही. तो नाचत होता, आम्ही त्याच्या पावलांकडे बघत होतो.

सहा जण दुसऱ्या दिवशी परत फिरले. आम्ही पाच जणींनी साध्या बसची तिकिटं काढून काझानलाक गाठलं. जूनचा पहिला रविवार होता. मिरवणूक संपली आणि चौकात ढोल वाजायला लागला, तापान. माणसं एकेक करून साखळीला जोडली जात होती. साखळीच्या म्होरक्याच्या पुढे घुसायचं नाही, शेपटाला जाऊन हात धरायचा, एवढाच नियम. शेवटच्या मुलीने माझ्याकडे बघितलंही नाही, नुसता हात पुढे केला. ज्या होरोत उतरण्याच्या परवानगीसाठी मी पैसे मोजले होते, त्यात उतरायला कुणाची परवानगी लागतच नाही. मी नाचले, आणि नाचताना मला राग आवरत नव्हता. आमची सगळ्यात लाडकी गोष्ट त्याने आम्हालाच विकली होती, आणि ती कधी विकाऊ नव्हतीच.

बल्गारीला जाण्याइतके पैसे उरले नव्हते. निखाऱ्यांवरचा तो नाच राहून गेला.

पैसे अजून परत आलेले नाहीत. आणि गेल्या महिन्यात नाशिकच्या एका मैत्रिणीने मला एक माहितीपत्रक पाठवलं. आयोजकाचं नाव वेगळं आहे, फोटो आमच्या सोफियातल्या संध्याकाळचा आहे, त्यात आमच्या गटातल्या एक मावशी हसताना दिसतात. आगाऊ रक्कम 50 हजार, तीही फक्त बँकेतून. हे पत्रक तुमच्याकडे आलं असेल आणि पैसे भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर आजच्या आज बँकेत जा आणि 1930ला फोन करा. ओळखायला सोपं आहे: तिसऱ्या पानावर कोप्रिव्श्तित्साचा राष्ट्रीय सोहळा 7 जूनला दाखवला आहे.