उंटाच्या किडनीसाठी पोर्टेबल सोनोग्राफी मशीन: घ्यावं का?

मी सौदीत, कासिम भागात उंटांवर उपचार करतो. शिक्षण परभणीचं, म्हणजे हात बसला तो गाई-म्हशींवर. बॅटरीवर चालणारं, गळ्यात अडकवायचं हे मशीन बहुतेक जण गाभण सांडणी तपासायला घेतात. मी किडनीपुरतंच सांगतो.

बैलाची किडनी खंडाखंडांची असते. उंटाची गुळगुळीत, घेवड्याच्या दाण्यासारखी. डावी बरीच मागे, भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात. मालकाने ‘इख, इख’ करत उंट बसवला, लोकर भादरून जेल लावलं की साडेतीन मेगाहर्ट्झच्या कॉन्व्हेक्स प्रोबने, म्हणजे अंगावर टेकवायच्या गोलसर तोंडाच्या दांड्याने, ती लगेच सापडते. खडा असेल तर पांढरी रेघ आणि तिच्यामागे सावली, लघवी तुंबली असेल तर मधोमध काळी पोकळी, पू असेल तर त्या काळ्यात तरंगणारे कण. डाव्या बाजूला पैकीच्या पैकी मार्क.

गोची उजव्या बाजूला आहे. ती किडनी पुढे सरकलेली, दहाव्या-अकराव्या बरगडीच्या आसपास. प्रोबचं तोंड रुंद, दोन बरगड्यांमध्ये नीट बसतच नाही. सावल्या पडतात आणि किडनी तुकड्यातुकड्यांत दिसते. आणि ऑपरेशन ठरतं ते नेमकं याच चित्रावर! एका सांडणीची डावी किडनी पुवाने पार निकामी झाली होती. ती काढायची तर उजवी धडधाकट आहे याची खात्री हवी. नुसत्या रक्ततपासणीवर विसंबता येत नाही, कारण किडनी बिघडली की रक्तात वाढणारे युरिया आणि क्रिएटिनिन तहानलेल्या निरोगी उंटातही चढलेले येतात. म्हणून तिला आधी पोटभर पाणी पाजलं, मग रक्त घेतलं. उजवी किडनी शेवटी दवाखान्यातल्या मोठ्या मशीनच्या अरुंद प्रोबने पाहिली. चांगली निघाली. पूर्ण भूल देऊन, उजव्या कुशीवर निजवून भकाळीतून छेद घेतला, धमनी आणि शीर वेगवेगळी बांधली, मूत्रनलिका शक्य तितकी खाली बांधून कापली. नंतर जेंटामायसिन हे किडनीला त्रासदायक अँटिबायोटिक कटाक्षाने टाळलं. एकुलत्या किडनीवर ते औषध म्हणजे जुगारच. सांडणी खाऊ लागली, लघवी साफ झाली.

बाकी तक्रारी किरकोळ. दुपारच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं, डोक्यावरून कापड घ्यावं लागतं. केबलच्या जोडात वाळू शिरते. सोबतचा लिनियर, म्हणजे सरळ तोंडाचा प्रोब मात्र छान. गुदाशयातून डाव्या किडनीचं मागचं टोक हाताला लागतंच, त्यावर तो टेकवला की आतलं स्पष्ट दिसतं.

माझे पाचपैकी साडेतीन तारे. घेणार असाल तर विक्रेत्याकडे मायक्रोकॉन्व्हेक्स, म्हणजे अरुंद गोल तोंडाचा प्रोब मागा आणि पैसे देण्याआधी उंटाच्या उजव्या बाजूलाच लावून बघा. शोरूममध्ये ते स्वतःच्या पोटावर लावून दाखवतात, त्यावर जाऊ नका.