जॉइंट न उघडताच ५,९०० घेऊन गेला

लिहायला लाज वाटतेय. घरातले तर अजूनही ऐकवतात, पण अजून कोणी फसू नये म्हणून लिहितोय.

गीझरच्या अँगल कॉकमागे (भिंतीवरचा पाणी बंद-चालू करायचा छोटा कॉक), भिंतीतून पाईप बाहेर येतो तिथल्या आट्यातून पाणी ठिबकत होतं. दोन दिवस खाली मग ठेवला, नंतर नेटवर शोधून पहिला दिसला त्या प्लंबरच्या नंबरवर फोन केला. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, आधी व्हिजिट चार्ज ३५०, मग साहेब येऊन भिंतीवर टकटक करतात, चेहरा गंभीर, "आतला जॉइंट गेलाय, टाइल फोडावी लागेल." टाइल म्हटल्यावर माझे हातपाय गळाले. मग तोच म्हणाला की न फोडता पण होईल, आतलं निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाईपचा छोटा तुकडा) बदलतो आणि स्पेशल सीलंट भरतो. सामानाचे २,४००, सीलंटचे १,१५०, मजुरी २,०००. सगळे मी स्वतः मोबाईलवरून पाठवले.

आता जे रोज रात्री आठवतं ते. "मेन बंद केलाय," असं तो म्हणाला आणि मी टॉर्च धरून बाथरूमच्या दारात उभा. आणि शेजारी कमोडची टाकी भरत होती! कोणीतरी नुकतंच फ्लश केलेलं, त्याचा सूं सूं आवाज माझ्या कानात येत होता. मेन बंद असेल तर टाकी भरेल कशी? आणि पाणी चालू असताना भिंतीतलं निपल काढलं असतं तर आम्ही दोघं न्हाऊन निघालो असतो. पण मी काय केलं, टॉर्च अजून नीट धरला.

मी अडाणी नाही हो, पण समोरचा माणूस पाना घेऊन आत्मविश्वासाने बोलत असेल, वर ऑफिसची मीटिंग डोक्यावर असेल तर कोण शंका घेतं? जुनं निपल दाखव म्हटलं तर म्हणे "स्क्रॅपमध्ये टाकलं." पाच मिनिटांत कुठलं स्क्रॅप! काढलेला पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत टपटप. त्याचा फोन बंद.

मग ओळखीतला खरा प्लंबर आला. त्याने मेन बंद केला, खालचा नळ सोडून लाईन रिकामी केली (हे असं करतात, बघून ठेवा) आणि पाना लावला. जॉइंट कधी उघडलाच नव्हता. वरून नुसती पांढरी पुट्टी चोपडलेली, ती नखाने सालपटासारखी निघाली. ओल्यावर लावलेली पुट्टी आतल्या प्रेशरपुढे टिकत नाही, आटा बाहेरून बुजवून गळती थांबत नसते. मूळ रोग एवढाच की बसवताना कॉक सरळ दिसावा म्हणून कोणीतरी आवळून झाल्यावर थोडा मागे फिरवला होता. एकदा आवळलेला आटा मागे घेतला की त्यावर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचं सील गेलंच समजा, पूर्ण काढून नवीन टेप लावायची. त्याने ब्रशने आटे साफ केले, आट्याचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या दिशेने टेफ्लॉन टेप ताणून गुंडाळली, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून बाहेर येते म्हणाला. वीस मिनिटं. भिंतीला हात नाही. आणि फ्लेक्झिबल पाईपच्या नटात रबरी वॉशर असतो, तिथे टेपचे पैसे कोणी लावले तर सरळ हाकला, तिथे वॉशरच पाणी अडवतो.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले काम केलंय ना त्याने, मग हा दिवाणी मामला. अहो, काम केलंच नाही हीच तर तक्रार! पुट्टीची सालपटं पिशवीत घालून नेली होती, कोणी पिशवी उघडून पण बघितली नाही. दुसऱ्या टेबलवर पाठवलं, ते जेवायला गेलेले. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. नंबर जिथे मिळाला त्या साईटवाल्यांनी बिल मागितलं. बिल? त्याने कागदाचा कपटा दिला नाही, मी मागितला नाही, ही चूक माझी, मान्य. पण त्याचा नंबर, पैसे गेलेलं खातं, फोटो, सगळं दिलं तरी अकरा दिवस "प्रोसेसमध्ये आहे."

काल मेसेज आला. तक्रार बंद, कारण: सेवा पूर्ण झाली आहे.