हिकारी सिक्लिड गोल्ड: दाणे चांगलेच, पण विहिरीच्या पाण्याचं काय?

निकाल आधीच सांगून टाकतो. सिक्लिड हे टँकमध्ये पाळायच्या माशांचं एक कुळ. त्यातलं ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट, सेव्हरम यांपैकी काही पाळलं असेल तर हे खाद्य डोळे मिटून घ्यावं. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले म्बुना किंवा टांगानिका सरोवरातले ट्रॉफियस हे सिक्लिड असतील तर रोजचं खाद्य म्हणून घेऊ नये. आणि टँकमध्ये परसातल्या विहिरीचं पाणी भरत असाल, तर पाकिटाच्या आधी केएच (पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल शोषून पीएच टिकवायची ताकद) मोजायचं किट घ्या. मासा वाढत नाही म्हणून दुकानात गेलं की बहुतेक वेळा खाद्याचा डबा बदलून मिळतो. कोकणात मात्र दोष खाद्यापेक्षा पाण्यात जास्त वेळा सापडतो.

आधी दाण्यांबद्दल. जपानच्या क्योरिन कंपनीचं हे तरंगणारं खाद्य. बेबी, मिनी, मीडियम आणि लार्ज अशा आकारांत मिळतं. प्रथिनं किमान 40 टक्के. आकार निवडताना पाकिटावरच्या नावापेक्षा माशाकडे बघा: दाणा माशाच्या डोळ्याहून मोठा नसावा. मोठा दाणा ऑस्कर चावून फोडतो, अर्धा भुगा कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि तो भुगा स्पंजमध्ये जाऊन सडतो. विकत घेतलेल्या दाण्यांतला एवढा भाग तर थेट फिल्टरच खातो.

रंगाबद्दल पाकिटावर जे म्हटलंय ते खरं आहे. यातल्या कॅरोटिनॉइड घटकांनी लाल, नारिंगी, पिवळा रंग खुलतो. पण रंग म्हणजे वाढ नव्हे, आणि निळ्या माशाला त्याचा फारसा उपयोगही नाही. उलट दोन-अडीच सेंटीमीटरचं पिल्लू दुकानातच मोठ्या नरासारखं झगमगत असेल तर संप्रेरकं चारून रंगवल्याचा संशय घ्यावा. असं पिल्लू पुढे रंगही सोडतं आणि प्रजननातही अडतं.

आता मुख्य मुद्दा. जांभ्याच्या कातळातून येणारं पाणी मऊ असतं. टीडीएस (विरघळलेले क्षार) कमी, केएच बऱ्याचदा एक-दोन अंशांवर. प्यायला गोड, भात शिजवायला उत्तम. पण 40 टक्के प्रथिनांचं खाद्य रोज पडणाऱ्या टँकला ते पुरत नाही. कसं ते आकड्यांत बघू. 200 लिटर पाणी, रोज 3 ग्रॅम खाद्य. मत्स्यशेतीत वापरतात त्या ढोबळ सूत्राने (खाद्य × प्रथिनांचा अंश × 0.092) यातून रोज साधारण 0.11 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतं. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि एक ग्रॅम नायट्रोजनमागे साधारण 7 ग्रॅम क्षारता खातात. म्हणजे रोजची जवळपास 0.8 ग्रॅम. विहिरीच्या पाण्याची क्षारता लिटरला 30 मिलिग्रॅम धरली तर अख्ख्या टँकमध्ये शिल्लक असते 6 ग्रॅम. आठवड्यात खलास.

क्षारता संपली की पीएच साडेसहाच्या खाली घसरतो, जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. मासे मरत नाहीत, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया कमी विषारी अमोनियमच्या रूपात राहतो. फक्त वाढ थांबते, भूक मंदावते, पर मिटलेले राहतात. मालक खाद्य आणखी वाढवतो. मग एका रविवारी पाणी खराब झालंय असं वाटून तो 70 टक्के पाणी एकदम बदलतो, पीएच साडेसातवर उसळतो, साठलेल्या अमोनियमचा अमोनिया होतो आणि तासाभरात मासे वर येऊन हापापतात. खापर फुटतं खाद्यावर.

उपाय स्वस्त आहे. जेवणात खाल्लेल्या तिसऱ्यांची कवचं उकळून, घासून, उन्हात खडखडीत वाळवून जाडसर कुटावीत. 200 लिटरला अर्धा किलो चुरा नायलॉनच्या पिशवीत घालून फिल्टरमधून पाणी जातं त्या जागी ठेवावा. पीएच खाली जाईल तसा तो आपोआप विरघळतो आणि साडेसातच्या वर गेल्यावर जवळपास स्वस्थ बसतो, त्यामुळे दक्षिण अमेरिकेतल्या जातींनाही जड होत नाही. महिन्यातून एकदा पिशवी खळबळून धुवा, नाहीतर कवचांवर बुळबुळीत थर बसतो आणि काम थांबतं. तातडीने केएच वाढवायचा तर खायचा सोडा: 200 लिटरला 6 ग्रॅमने साधारण एक अंश वाढतो. दिवसाला एका अंशापेक्षा जास्त नको, आणि अमोनिया साठलेला असेल तर आधी थोडं थोडं पाणी बदलून तो उतरवा, मग सोडा. बेकिंग पावडर वेगळी, ती चालत नाही. म्बुनांसाठी मात्र शिंपल्यांवर भागत नाही. त्यांना पीएच 7.8 च्या वर आणि पाणी चांगलं जड लागतं, तिथे सोड्याबरोबर एप्सम मीठही आलंच.

आठवड्याला 30 ते 40 टक्के पाणी बदलणं हे वाढत्या पिलांसाठी कुठल्याही खाद्याइतकंच महत्त्वाचं. वरच्या हिशोबाने नायट्रेट आठवड्याला लिटरमागे 17 मिलिग्रॅमच्या आसपास चढतं. महिनाभर पाणी न बदलता ते 70 च्या घरात गेलं की पिल्लू खातं पण अंगी लागत नाही. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (क्लोरीनची भुकटी) टाकते त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलू नका. बदलावंच लागलं तर क्लोरीन घालवायला 100 लिटरला एक ग्रॅम सोडियम थायोसल्फेट आधी विरघळवा. पागोळ्यांचं पाणी डिस्कस (मऊ पाण्यातला सिक्लिड) पाळणाऱ्यांना मोहात पाडतं, पण त्यात केएच जवळपास शून्य. मिसळूनच वापरायचं.

खाद्याचं माप वजनावर ठरवा, चिमटीवर नाही. तीन सेंटीमीटरपर्यंतच्या पिलांना दिवसाला अंगाच्या वजनाच्या 5 ते 8 टक्के, चार-पाच वेळांत. बोटभर झाल्यावर 3 टक्के, दोन-तीन वेळांत. मोठ्या ऑस्करला एक-दीड टक्का पुरे, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. टँकबाहेर वाटीत एक मिनिट भिजवून घातले तर दाणे पोटात फुगत नाहीत. दोन मिनिटांनी वर तरंगणारा दाणा दिसला तर पुढच्या वेळी तेवढा कमी. गणपतीत घर भरलं की चाकरमान्यांची पोरं हौसेने मूठमूठ दाणे टाकतात. त्या दिवसांत रोजचं माप पुड्यांत बांधून ठेवावं आणि डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात.

एवढं जमलं तर ऑस्करचं पिल्लू सुरुवातीचे काही महिने महिन्याला साधारण एक इंच वाढतं आणि वर्षात 8 ते 10 इंचांवर जातं. तीन महिन्यांत इंचही वाढलं नसेल आणि डोळे डोक्याच्या मानाने मोठे दिसत असतील तर ते खुरटलं आहे. पुढे कितीही चारलं तरी ती कसर पूर्ण भरून निघणं अवघड. दोन फुटी टँकमध्ये चार ऑस्कर ठेवले की हे ठरलेलंच. एका मोठ्या ऑस्करला 48 × 18 × 18 इंचांचा टँक हवा. एकाच विणीतली पिल्लं दर पंधरवड्याला आकारानुसार वेगळी करा, नाहीतर दोन दांडगी खातात आणि बाकीची कोपऱ्यात दबून राहतात. तोंडात अंडी धरणारी मादी दोन-तीन आठवडे जवळपास उपाशीच असते. ती नरापेक्षा लहान राहिली तर तो आजार नाही.

सुक्या जवळ्याशी तुलना अटळ आहे, कारण तो प्रत्येक घरात असतो आणि मासे त्यावर तुटून पडतात. आठवड्यातून दोनदा चांगला, पण वीस मिनिटं गोड्या पाण्यात भिजवून, दोनदा निथळून. मीठ आणि वाळू दोन्ही निघतात. नुसत्या जवळ्यावर मासा पोसू नका, त्यात जीवनसत्त्वांचा तोल नाही. सोललेली ताजी कोळंबी चालते. तारली नको: तेल पाण्यावर तवंग धरतं आणि तिच्यातलं थायमिनेज बी-1 जीवनसत्त्व नासवतं. खाडीतली आपली कालुंदर, तीही सिक्लिडच, ठेवली असेल तर तिला दाण्यांबरोबर शेवाळ किंवा उकडलेला पालक हवाच.

म्बुनांना हे खाद्य का नको, तेही थोडक्यात. ते दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, आतडं लांबलचक. रोज जड प्रथिनं दिली तर पोट फुगून मरण्याचा धोका वाढतो. त्यांना स्पिरुलिना (नीलहरित शेवाळ) असलेलं खाद्य द्या.

किंमत सुट्या दाण्यांच्या कितीतरी पट आहे आणि ती इथे वसूल होते, कारण सुट्या दाण्यांवर ना प्रथिनांचा आकडा असतो ना तारीख. दुकानात फरसाणाच्या बरणीसारखी उघडझाप होणाऱ्या बरणीतले दाणे जूनमध्ये दमट होतात, जुलैत बुरशी धरतात. बुरशीचं विष यकृत खातं. पण हाच दमटपणा तुमच्या घरातही आहे. आगोटीला डाळ-मिरची भरताना एक किलोचं पाकीट भरून ठेवू नका. चार-पाच माशांना 57 ग्रॅमचं पाकीट पुरतं. फोडल्यावर ते दोन महिन्यांत संपवा, कारण क जीवनसत्त्व उडतं आणि तेल खवट होतं. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलं तर बाहेर काढून अर्धा तास न उघडता राहू द्या, नाहीतर थंड दाण्यांवर दव धरतं. लाइट गेलेली असताना अजिबात चारू नका. 30 अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या वर मावतच नाही, आणि भरल्या पोटी माशाला तो जास्त लागतो.